लूव्हेनचे पेशीदर्शन

आपल्या कॅथलिक घरांतून विज्ञानाविषयी दोन प्रकारचे बोलणे वारंवार कानी पडते. मुलगा अथवा मुलगी विज्ञान शाखेकडे वळली की वडीलधारी माणसे काळजीच्या सुरात सांगतात, 'शिका, पण देऊळ सोडू नका.' जणू प्रयोगशाळेत पाऊल टाकले की देवळाची वाट सुटणारच. याउलट, एखाद्या सणासमारंभातील व्याख्यानात उत्साही वक्ता ठासून सांगतो की आधुनिक विज्ञान मुळात आपल्याच धर्मगुरूंनी घडवले. पहिल्या बोलण्यात भीती आहे, दुसऱ्यात अभिमान आहे. आणि प्रत्यक्ष काय घडले ते तपासून पाहण्याची तसदी दोन्हीकडे सहसा घेतली जात नाही.

ती तसदी एकदा घ्यावी, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत. विषय फार मोठा घेतला तर हाती काही लागत नाही. म्हणून आम्ही एकच वस्तू निवडली आहे, सजीवाची पेशी. आणि एकच गाव, बेल्जियममधील लूव्हेन. पोप पाचवे मार्टिन यांच्या आज्ञापत्राने १४२५ साली तेथे विद्यापीठ स्थापन झाले. फ्रेंच राज्यकर्त्यांनी १७९७ साली ते बंद केले. पुढे बेल्जियमच्या बिशपांनी १८३४ साली कॅथलिक विद्यापीठ नव्याने उभारले आणि १८३५ साली ते लूव्हेनला आणले. पेशीच्या अंतरंगाचा शोध ज्यांनी घेतला त्यांपैकी अनेकांची पावले या गावातून गेली आहेत. त्यांत धर्मगुरू होते, सश्रद्ध प्रापंचिक होते आणि आयुष्याच्या उत्तरार्धात श्रद्धेपासून दूर गेलेला एक थोर संशोधकही होता. त्या सर्वांची हकिगत जशी घडली तशी वाचकांपुढे ठेवावी, एवढाच आमचा प्रयत्न आहे.

रिकाम्या खोल्या

आपण ज्याला पेशी म्हणतो त्याला इंग्रजीत 'सेल' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ लहान खोली. मठवासी संन्यस्ताच्या खोलीलाही हाच शब्द आहे. १६६५ साली रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बुचाचा अगदी पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर आपल्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घरे दिसली, असे त्यांनी त्यात नमूद केले आणि त्या घरांना हे नाव दिले. ती घरे खरोखरच रिकामी होती; कारण बूच म्हणजे झाडाची निर्जीव झालेली साल. राहणारे केव्हाच निघून गेले होते आणि भिंती तेवढ्या उरल्या होत्या.

घरात राहते कोण, हे कळण्यास पुष्कळ काळ जावा लागला. १८३१ साली रॉबर्ट ब्राऊन या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने ऑर्किडच्या पेशींत एकेक गोलसर ठिपका असतो हे दाखवून त्याला केंद्रक असे नाव दिले. त्यानंतर काही वर्षांनी बर्लिनमध्ये दोन मित्र एकत्र जेवत होते. एक होते वनस्पतींचा अभ्यास करणारे मॅथियास श्लायडेन आणि दुसरे थिओडोर श्वान. श्लायडेन वनस्पतींच्या पेशींतील केंद्रकाचे वर्णन करू लागले आणि श्वान यांना एकाएकी आठवले की प्राण्यांच्या पृष्ठरज्जूमध्ये आपण अगदी असेच काही पाहिले आहे. दोघांनी लगेच उठून जाऊन खात्री करून घेतली. त्या भोजनाचे फळ म्हणजे श्वान यांचा १८३९ सालचा ग्रंथ. केळीचे पान असो की वासराचा कान, सर्व सजीवांची बांधणी पेशींचीच आहे, हा सिद्धांत त्यात प्रथमच विस्ताराने मांडला गेला.

त्याच वर्षी श्वान लूव्हेनच्या कॅथलिक विद्यापीठात शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले आणि १८४८ पर्यंत तेथे राहिले. त्यांच्या सिद्धांतातील एक भाग पुढे चुकीचा ठरला. द्रावणातून स्फटिक जमावेत तशा पेशी द्रवातून नव्याने जमतात, अशी त्यांची समजूत होती. पेशी ही पेशीपासूनच जन्मते, हे १८५५ साली रुडॉल्फ फिर्खो यांनी ठामपणे मांडले. श्वान यांनी जे डोळ्यांनी पाहिले होते ते टिकले. जे अनुमानाने जोडले होते ते गळून पडले.

एका शुभ शुक्रवारची गोष्ट

श्वान सश्रद्ध कॅथलिक होते. त्यांच्या आयुष्यातील एक प्रसंग आपल्या वाचकांना विशेष विचार करायला लावील, म्हणून येथे सांगतो.

बेल्जियममधील बुआ-देन या खेड्यात लुईझ लातो नावाची गरीब घरातील तरुणी होती. १८६८ सालापासून तिच्या अंगावर प्रभूच्या जखमांसारख्या खुणा उमटू लागल्या. दर शुक्रवारी त्यांतून रक्त येई आणि ती भान हरपून जाई. लोकांची रीघ लागली. वैद्य आले, धर्मगुरू आले, श्रद्धाळू आले आणि चेष्टा करणारेही आले. २६ मार्च १८६९ हा शुभ शुक्रवार होता. त्या दिवशी तिच्यावर जे प्रयोग करण्यात आले त्यांच्या वेळी श्वान यांना बोलावण्यात आले होते.

पुढे असा बोभाटा झाला की पेशीसिद्धांताचे जनक श्वान यांनी स्वतः हा चमत्कार असल्याचे मान्य केले आहे. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाचे नाव आपल्या बाजूने सांगता येणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. धर्मावर चहूबाजूंनी टीका होत असताना आपल्याच एका बांधवाने गप्प बसून ते नाव वापरू दिले असते तर त्याला कोणी दोष दिला नसता. पण श्वान गप्प बसले नाहीत. १८७५ साली त्यांनी स्वतंत्र पुस्तिका काढून जाहीर केले की असे मत आपण दिलेले नाही.

या माणसाने श्रद्धा सोडली होती म्हणून तो असे बोलला, असे म्हणण्यास जागा नाही. १८८२ साली कोलोन येथे त्यांचे निधन झाले तोपर्यंत ते कॅथलिकच राहिले. ज्या परमेश्वरावर आपला विश्वास आहे त्याला आपल्या खोट्या साक्षीची गरज नाही, हे त्यांच्या वर्तनातून आम्हांला दिसते. आठवी आज्ञा आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ करतो. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, हे आपल्याला कळते. देवाच्या बाजूने दिलेली खोटी साक्षही खोटीच असते, हे तितकेसे कळत नाही.

धर्मगुरूंचा सूक्ष्मदर्शक

श्वान गेल्यानंतर अनेक वर्षांनी लूव्हेनमध्ये पेशीचे स्वतंत्र अध्यापन सुरू झाले ते एका धर्मगुरूच्या हातून. फादर झाँ-बाप्तिस्त कार्न्वा यांचा जन्म १८३६ सालचा. १८७६ पासून ते विद्यापीठात शिकवू लागले. त्या काळी जीवशास्त्र म्हणजे बहुधा प्राणी आणि वनस्पती यांची बाहेरून केलेली वर्गवारी. फादर कार्न्वा यांनी विद्यार्थ्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवले. १८८४ साली त्यांनी पेशीजीवशास्त्रावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि त्याच वर्षी 'ला सेल्यूल' म्हणजे 'पेशी' हे नियतकालिक काढले. केवळ पेशीच्या अभ्यासाला वाहिलेल्या जगातील अगदी आरंभीच्या नियतकालिकांत त्याची गणना होते.

फादर कार्न्वा यांचे नाव आज ग्रंथापेक्षा एका द्रावणामुळे अधिक घेतले जाते. शरीरातून काढलेला मांसाचा तुकडा फार वेळ जसाच्या तसा राहत नाही. पेशी आतून विरघळू लागते आणि सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसते ते जिवंतपणीचे रूप नसतेच. मद्यार्क, क्लोरोफॉर्म आणि तीव्र ॲसेटिक आम्ल यांचे मिश्रण करून त्यांनी पेशीचे रूप होते तसे स्थिर ठेवण्याची युक्ती काढली. 'कार्न्वाचे द्रावण' आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरतात. मेलेली पेशी आतून का विरघळते, याचे उत्तर मात्र त्याच विद्यापीठात सुमारे सत्तर वर्षांनी सापडायचे होते.

फादर कार्न्वा १८९९ साली वारले. त्यांच्या परंपरेत फादर फ्रान्स आल्फोन्स यान्सेन्स पुढे आले. सॅलॅमँडर नावाचा पालीसारखा दिसणारा, बेडकाच्या गोतातला एक प्राणी आहे. त्याच्या पेशी मोठ्या असल्याने आतील गुणसूत्रे स्पष्ट दिसतात. बीजपेशी तयार होताना आईकडचे आणि वडिलांकडचे गुणसूत्र एकमेकांना बिलगतात आणि जागोजागी फुलीच्या आकारात एकमेकांवरून जातात, हे फादर यान्सेन्स यांनी निरखून पाहिले. त्या फुल्यांपाशी दोघांचे तुकडे तुटून आपसांत अदलाबदल होत असली पाहिजे, असे त्यांनी १९०९ साली 'ला सेल्यूल'मधील निबंधात मांडले. एकाच आईबापांची मुले एकसारखी का नसतात, आजोबांचे नाक आणि आजीचा रंग एकाच नातवात कसे येतात, याचे एक मोठे कारण या अदलाबदलीत आहे.

अनेकांना हे पटले नाही. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये फळमाशीवर संशोधन करणारे टॉमस हंट मॉर्गन यांनी मात्र आपल्या निष्कर्षांच्या स्पष्टीकरणासाठी यान्सेन्स यांचाच आधार घेतला. हॅरिएट क्रेटन आणि बार्बरा मॅक्लिंटॉक या दोन स्त्री-शास्त्रज्ञांनी १९३१ साली मक्याच्या गुणसूत्रांवरून प्रत्यक्ष पुरावा दिला. फादर यान्सेन्स त्यापूर्वीच, १९२४ साली, देवाघरी गेले होते.

भरलेले घर

हूक यांना रिकामी दिसलेली खोली एव्हाना भरू लागली होती. शरीराला जशी इंद्रिये तशी पेशीलाही आपली लहान अंगे असतात, हे ध्यानात आले. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांना पेशीअंगके म्हणतात. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात शरीर एक आणि अवयव अनेक, हा दृष्टान्त दिला आहे. दुबळे वाटणारे अवयवही आवश्यक आहेत, असे तो तेथे बजावतो. पेशीचे अंतरंग पाहताना त्या बाराव्या अध्यायाची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

आज आपल्याला माहीत असलेली पेशी एखाद्या नांदत्या वाड्यासारखी आहे. मानवी शरीरात असे सुमारे ३० लाख कोटी वाडे आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांची रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास भरते. वाड्याभोवतीचे पटल म्हणजे नुसती भिंत नव्हे. कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला दारातून परत पाठवायचे हे ते ठरवते. केंद्रक म्हणजे वाड्यातील कागदपत्रांची पेटी. वंशपरंपरेचा सारा मजकूर तेथे जपलेला असतो. त्या मजकुराच्या नकला बाहेर येतात आणि रायबोसोम नावाचे कारागीर त्यांबरहुकूम प्रथिने घडवतात. आंतर्द्रव्यजालिका म्हणजे आतील बोळ आणि कामाचे चौक. घडलेला माल गॉल्गी संकुलात येतो. तेथे त्याला शेवटचा हात फिरतो, बांधाबांध होते आणि कोठे जायचे त्याची खूण लागते. तंतुकणिका म्हणजे वाड्याची चूल. अन्नातील ऊर्जा तेथे वापरण्याजोगी होते. तंतुकणिकांजवळ स्वतःचा थोडा वेगळा वंशमजकूर असतो आणि तो आपल्याला आईकडूनच मिळतो.

हे सारे एका दिवसात दिसलेले नाही. इटलीतील पाव्हिया येथे कामिल्लो गॉल्गी यांनी १८९८ साली घुबडाच्या मज्जापेशींना चांदीच्या क्षारांनी रंगवले, तेव्हा त्यांना आत एक जाळी दिसली. पण ती खरोखर पेशीत असते की रंगामुळे निर्माण झालेला आभास आहे, यावर पुढे पन्नासेक वर्षे वाद चालला. दोन्हीकडे प्रामाणिक माणसे होती. १९५० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने गॉल्गी यांच्या बाजूने निर्णय दिला, तेव्हा त्यांना जाऊन सुमारे तीन दशके झाली होती.

पेशीच्या अंगकांना एकमेकांपासून वेगळे करण्याची रीत बसवली ती अल्बेर क्लोद यांनी. बेल्जियममधील लोंगलिए या खेड्यात त्यांचे बालपण गेले. आई कर्करोगाने लवकर गेली. शिक्षण अर्धवट राहिले आणि पोलादाच्या कारखान्यात काम करावे लागले. पहिल्या महायुद्धात केलेल्या सेवेमुळे त्यांना शालान्त पात्रतेवाचून विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि ते डॉक्टर झाले. १९२९ साली ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत गेले. त्यांची रीत ऐकायला सोपी आहे. यकृत हळुवार वाटायचे आणि तो पातळ लगदा यंत्रात वेगाने गरगर फिरवायचा. जड केंद्रके आधी तळाशी बसतात. वेग वाढवला की तंतुकणिका बसतात. आणखी वाढवला की त्याहून बारीक कण बसतात. घुसळून ताकातून लोणी वेगळे काढणाऱ्या आपल्या घरच्या बायकांना या रीतीचे मर्म सांगावे लागणार नाही. १९४५ साली त्यांनी सहकाऱ्यांसह अखंड पेशीचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून घेतलेले पहिले चित्र प्रसिद्ध केले.

फसलेला प्रयोग

आता पुन्हा लूव्हेनला परतू. पहिल्या महायुद्धात बेल्जियमवर आक्रमण झाले तेव्हा अनेक कुटुंबे इंग्लंडच्या आश्रयाला गेली. अशाच एका कुटुंबात १९१७ साली ख्रिस्तियाँ द दूव्ह यांचा जन्म झाला. युद्धानंतर कुटुंब अँटवर्पला परतले. तेथील जेझुइटांच्या शाळेत आणि नंतर लूव्हेनच्या कॅथलिक विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले. १९४७ पासून ते त्याच विद्यापीठात शिकवू लागले.

द दूव्ह यांचा विषय होता इन्सुलिन. यकृतातील एका विकराचा अभ्यास चालू असताना तुलनेसाठी म्हणून ते आणखी एक साधे विकर मोजीत असत. १९४९ सालच्या डिसेंबर महिन्यात त्यांनी क्लोद यांच्या हळुवार रीतीने उंदराचे यकृत वाटले, तेव्हा या दुसऱ्या विकराचे माप अपेक्षेच्या सुमारे एक दशांशच भरले. प्रयोग फसला, असे म्हणून सारे ओतून देता आले असते. त्यांनी ते शीतकपाटात ठेवून दिले. पाच दिवसांनी पुन्हा मोजले, तर माप पूर्ण भरले.

विकर गेले कोठे होते आणि आले कोठून? द दूव्ह आणि त्यांचे सहकारी मूळ काम बाजूला ठेवून या कोड्यामागे लागले. त्यांनी अनुमान काढले की विकर एखाद्या पिशवीत बंद असावे. हळुवार वाटल्यामुळे पिशव्या अभंग राहिल्या आणि विकर आतच लपले. पाच दिवसांत पिशव्या झिरपल्या आणि ते बाहेर आले. पुढे त्याच पिशवीत आणखी विकरे सापडली आणि ती सारीच काही ना काही मोडून पचवणारी होती. १९५५ साली द दूव्ह यांनी या अंगकाला 'लायसोसोम' हे नाव दिले. आपली मुले त्याला लयकारिका म्हणून ओळखतात. सूक्ष्मदर्शकातून दिसण्याआधी केवळ हिशेबाच्या तफावतीतून ओळखू आलेले हे अंगक होते; त्याची चित्रे नंतर मिळाली.

लयकारिका वाड्यातील जुने, मोडके, निकामी सामान सुटे करते आणि त्यातून जे उपयोगी पडेल ते पुन्हा कामाला लावते. तिच्या आतील द्रव आंबट असतो आणि तिची विकरे त्या आंबटपणातच नीट काम करतात. पेशी मेली की या पिशव्या फुटतात आणि वाडा आतून विरघळू लागतो. फादर कार्न्वा यांना ज्या नाशाशी झगडावे लागले होते त्याचे एक प्रमुख कारण येथे उघड झाले. पेशी आपलाच जुना भाग पचवते, या क्रियेला द दूव्ह यांनी १९६३ साली 'स्वभक्षण' या अर्थाचे नाव दिले. त्या क्रियेची यंत्रणा उलगडणारे जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. खुद्द द दूव्ह यांना क्लोद आणि जॉर्ज पालादे यांच्याबरोबर १९७४ साली ते मिळाले होते.

सात महिन्यांची मुलगी

इथवरची हकिगत प्रयोगशाळेतील आहे. आता एका बालिकेकडे वळले पाहिजे.

हॉलंडमध्ये सात महिन्यांची एक मुलगी दगावली. योहान्नेस पॉम्पे नावाच्या तरुण डॉक्टरांनी तिच्या मृतदेहाची तपासणी केली, तेव्हा तिचे हृदय अवाजवी मोठे झालेले आढळले. हृदयाच्या आणि इतर अवयवांच्या पेशी ग्लायकोजेनने, म्हणजे शरीराने साठवलेल्या साखरेने, ठासून भरल्या होत्या. १९३२ साली पॉम्पे यांनी हे सारे प्रसिद्ध केले. साखर का साठली हे सांगणे त्या वेळी कोणालाच शक्य नव्हते. पॉम्पे यांनी दिसले तेवढे नीट लिहून ठेवले.

दुसऱ्या महायुद्धात हॉलंड जर्मनांच्या ताब्यात गेले. पॉम्पे पुढे ॲमस्टरडॅममध्ये पवित्र मरियेच्या नावाने चालणाऱ्या कॅथलिक रुग्णालयात काम करीत होते. त्यांनी ज्यूंना लपण्यास मदत केली आणि प्रतिकार चळवळीला आपल्या प्रयोगशाळेत बिनतारी संदेशयंत्र ठेवू दिले. १९४५ सालच्या फेब्रुवारीत ते पकडले गेले. एका रेल्वेपुलाच्या नाशाचा सूड म्हणून जर्मनांनी १५ एप्रिल १९४५ रोजी इतर कैद्यांबरोबर त्यांना गोळ्या घातल्या. त्यानंतर वीस दिवसांनी हॉलंड मुक्त झाले. तेव्हा पॉम्पे यांचे वय त्रेचाळीस वर्षांचे होते.

अठरा वर्षांनंतर, १९६३ साली, लूव्हेनमध्ये द दूव्ह यांचे सहकारी आंरी-जेरी एर्स यांनी पॉम्पे यांच्या कोड्याचे उत्तर शोधले. लयकारिकेत ग्लायकोजेन मोडणारे एक विकर असते. या आजाराच्या बालकांत जन्मतःच ते नसते अथवा फारच अपुरे असते. त्यामुळे लयकारिकांत साखर साचत जाते. त्या फुगतात आणि स्नायू व हृदय दुबळे होत जातात. लयकारिकेतील एक विकर नसल्याने आजार होतो, हे प्रथमच सिद्ध झाले. तशा प्रकारचे पन्नासहून अधिक आजार आज ओळखले गेले आहेत.

निदान झाले तरी औषध नव्हते. हॉलंडमधील रॉटरडॅम येथे १९९९ साली काही बालकांना हे विकर बाहेरून देऊन पाहण्यात आले. त्यासाठी ते खास तयार केलेल्या सशांच्या दुधातून काढले होते. २००६ साली युरोप आणि अमेरिकेत पॉम्पे आजारावरील पहिल्या विकर-औषधाला मान्यता मिळाली. हे औषध आजार मुळापासून काढीत नाही. ते वारंवार शिरेतून द्यावे लागते. पण जी बालके पहिला वाढदिवसही क्वचितच पाहत, त्यांतील कित्येक आज शाळेत जाण्याच्या वयापर्यंत आणि त्यापुढेही पोहोचली आहेत.

आपल्या देशातही ही मुले जन्माला येतात. भारत सरकारने २०२१ साली दुर्मीळ आजारांविषयी राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्यात पॉम्पे आजाराचा समावेश आहे आणि मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय त्या धोरणाखालील केंद्रांपैकी एक आहे. २०२२ साली रुग्णाला मिळणाऱ्या मदतीची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आली. औषध आयुष्यभर घ्यायचे आणि त्याचा खर्च मुलाच्या वजनाबरोबर वाढत जाणारा, तेव्हा ही रक्कमही केव्हातरी संपते. मग आईवडिलांनी काय करावे, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही सूक्ष्मदर्शकाखाली सापडणार नाही. ते समाजाने, आणि समाजाचा एक भाग म्हणून आपल्या धर्मग्रामांनीही, द्यावयाचे आहे.

साक्ष

येथे लेख संपवला असता तर तो अधिक गोड झाला असता. पण श्वान यांचा प्रसंग सांगितल्यानंतर आम्हांला तसे करता येत नाही.

जेझुइटांच्या शाळेत शिकलेले, कॅथलिक विद्यापीठाचे भूषण ठरलेले ख्रिस्तियाँ द दूव्ह पुढील आयुष्यात श्रद्धेपासून दूर गेले. ४ मे २०१३ रोजी, पंचाण्णव वर्षांचे असताना, आजार आणि वार्धक्य यांनी थकलेल्या अवस्थेत, बेल्जियमच्या कायद्यानुसार त्यांनी इच्छामरण स्वीकारले. मुलाबाळांचा निरोप घेऊन ते शांतपणे गेले. जीवन देणारा आणि ते परत घेणारा परमेश्वरच, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे आणि तीच आमची श्रद्धा आहे. म्हणून त्यांचा हा निर्णय आम्हांला मान्य करता येत नाही. तरीही त्यांच्या शोधामुळे वाचलेली बालके खरी आहेत आणि पाच दिवस शीतकपाटात ठेवलेल्या त्या द्रावणाकडे परत वळणारी सचोटीही खरी आहे. त्यांचा न्याय करणे आमचे काम नाही. त्यांच्यासाठी प्रार्थना करणे आपणा सर्वांना शक्य आहे.

तेव्हा आरंभीच्या दोन्ही बोलण्यांना या हकिगतीतून उत्तर मिळते, असे आम्हांला वाटते. विज्ञान हे आपल्याच धर्मगुरूंचे, असे म्हणता येत नाही. या कामात फादर कार्न्वा होते तसे कारखान्यात राबलेले क्लोदही होते, आणि दूर गेलेले द दूव्हही होते. विज्ञान शिकले की श्रद्धा जाते, असेही म्हणता येत नाही. श्वान यांची गेली नाही. फादर यान्सेन्स आयुष्यभर सूक्ष्मदर्शकापाशी बसले आणि धर्मगुरूच राहिले. द दूव्ह यांची श्रद्धा का गेली, हे त्यांचे त्यांना आणि देवाला ठाऊक.

आपल्या घरातील मूल यंदा शाळेसाठी पेशीची आकृती काढायला बसेल. केंद्रक मोठे काढील, तंतुकणिका काढील, गॉल्गी संकुलाच्या वळ्या काढील आणि कोपऱ्यात एक लहान गोल काढून त्याला लयकारिका असे नाव देईल. त्या वेळी आईवडिलांनी क्षणभर त्याच्याजवळ बसावे आणि त्या लहान गोलाशी जोडलेली दोन नावे सांगावीत. एक शुभ शुक्रवारची साक्ष न बदलणाऱ्या श्वान यांचे, आणि दुसरे, सात महिन्यांच्या मुलीविषयी दिसले तेवढे लिहून ठेवून पुढे शेजाऱ्यासाठी प्राण देणाऱ्या पॉम्पे यांचे.